इंग्रजीतले रंग: लाल फीत, निळी पेन्सिल आणि पिवळा पोरगा

खिळेजुळारी :

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'रंगांचे इंग्रजीतील अर्थ' असा एक तक्ता फिरतोय. लाल म्हणजे प्रेम आणि राग, निळा म्हणजे शांती आणि उदासी, हिरवा म्हणजे निसर्ग आणि मत्सर, पांढरा म्हणजे पावित्र्य. कुठल्या तरी स्पर्धा परीक्षेच्या क्लासने काढलेला दिसतो. पाठ करून कुणाला मार्क मिळत असतील तर माझी हरकत नाही. पण एकच निळा शांतही आणि उदासही कसा, आणि वर चावटही कसा, हे विचारलं की तक्ता गप्प.

माझी हयात छापखान्यात आणि प्रुफं वाचण्यात गेली, म्हणून नजर तशी झाली असेल. पण मला दिसतं ते असं, की इंग्रजीतले रंगांचे बरेचसे अर्थ कुठल्या तरी खऱ्याखुऱ्या वस्तूला चिकटून आलेत. शाई, कागद, फीत, कापड, काच. वस्तू वापरातून गेली, तिचा रंग भाषेत उरला.

'रेड लेटर डे' घ्या, म्हणजे खास, लक्षात राहणारा दिवस. चर्चच्या जुन्या पंचांगांत संतांचे सण लाल शाईने लिहीत, बाकीचे दिवस काळ्या. इंग्लंडच्या हायकोर्टाचे न्यायाधीश ठरावीक दिवशी आजही लाल झगा घालून बसतात आणि त्या दिवसांचं नाव 'रेड लेटर डेज'च आहे. आपल्या पोथ्यांतही अध्यायसमाप्तीच्या ओळी आणि दंड गेरू-हिंगुळाने लाल करत. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल असतो तो त्याच घराण्यातला.

'रेड टेप' ही वकिलांच्या आणि सरकारी कागदांच्या गठ्ठ्यांना बांधायची खरी फीत. ती होती गुलाबीकडे झुकणारी, आणि इंग्लंडात बॅरिस्टरांच्या गठ्ठ्यांना अजून तशीच बांधतात. आपण लालफीत घेतली आणि तिला 'शाही' जोडून अख्खी राजवट केली.

पार्लमेंटचे जाडजूड अहवाल निळ्या कव्हरात यायचे, ती 'ब्ल्यू बुकं'. लहान असले की कव्हर नाही, नुसता पांढरा कागद, तो 'व्हाइट पेपर'. त्याची आपण श्वेतपत्रिका केली. २०१२ची सिंचनावरची श्वेतपत्रिका सगळ्यांना आठवत असेल. शब्दात 'श्वेत' असल्यामुळे ती धुतल्या तांदळासारखी असणार असा लोकांचा समज होतो, हा आपला बोनस. मूळ कारण एवढंच, की कव्हर नव्हतं.

आता माझ्या धंद्यातलं. संपादकाने मजकुरावर निळी पेन्सिल चालवली म्हणजे काटछाट केली. हा वाक्प्रचार जुना. आमच्या ऑफसेटच्या काळात निळ्याला आणखी एक उपयोग सापडला. पेस्ट-अप करताना, म्हणजे छापायच्या पानाचे तुकडे कागदावर चिकटवून मांडताना, आम्ही फिक्या निळ्या पेन्सिलीने रेघा मारायचो, समासाच्या, स्तंभांच्या. छपाईच्या कॅमेऱ्यातल्या लिथ फिल्मला तो निळा दिसतच नसे. कागदावर रेघ ढळढळीत दिसतेय आणि निगेटिव्हवर तिचा पत्ता नाही. नवीन पोरं चकित व्हायची.

आणि पीत पत्रकारिता, म्हणजे खपासाठी सनसनाटी बातम्या. आपल्याकडे पीत म्हटलं की पितांबर आठवतो, हा पीत मात्र न्यूयॉर्कच्या गल्लीतला. पुलित्झर या मालकाच्या 'वर्ल्ड' या पेपरात रिचर्ड आउटकॉल्टची चित्रं यायची, त्यात टक्कल केलेला, सुपाएवढ्या कानांचा एक पोरगा पिवळा झगा घालून उभा. त्याचे संवाद झग्यावरच लिहिलेले असत. १८९६ साली हर्स्ट या प्रतिस्पर्धी मालकाने आउटकॉल्टला जास्त पैसे देऊन आपल्या 'जर्नल'मध्ये पळवलं, पुलित्झरने दुसरा चित्रकार बसवून तोच पोरगा चालू ठेवला. दोन पेपर, दोन पिवळी पोरं, आणि खपासाठी दोघांच्याही मथळ्यांचा धुडगूस. तिथून त्या धुडगुसालाच 'यलो' म्हणायला लागले. पिवळ्या रंगाने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर टाका. माझं म्हणणं मोडून काढणारी असली तर आधी टाका.

बिनसाखरेचा :

मस्त धागा. एकच शंका. 'फीलिंग ब्ल्यू'मध्ये कुठलं स्टेशनरी सामान आहे? आणि आमच्या कॉलेजच्या काळात व्हिडिओ पार्लरवर पडदा लावून ज्या 'ब्ल्यू' फिल्म चालायच्या (असं ऐकून आहे), त्यांचं काय?

टी स्क्वेअर :

ब्ल्यूप्रिंट राहिली की! जॉन हर्शेलने १८४२मध्ये शोधलेली सायनोटाइप पद्धत. कागदाला लोखंडाच्या क्षारांचा लेप, वर ट्रेसिंग, मग ऊन दाखवायचं आणि पाण्याने धुवायचं. रेघा पांढऱ्या आणि बाकी कागद गर्द निळा. आम्ही नोकरीला लागलो तोवर ती पद्धत गेली होती, अमोनिया प्रिंट आल्या होत्या. त्यात उलटं, पांढऱ्यावर निळ्या रेघा. प्रिंटिंगच्या खोलीत गेलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेब मात्र शेवटपर्यंत 'ब्ल्यूप्रिंट आणा' म्हणायचे, आणि आता पुढारी राज्याच्या विकासाची ब्ल्यूप्रिंट आणतात. ती कुठल्या रंगात असते ते पाहायला मिळालेलं नाही.

ओव्हरकोट :

@बिनसाखरेचा, तुमच्या दुसऱ्या शंकेला इकडचं (मी इंग्लंडात असते) एक उदाहरण. मॅक्स मिलर म्हणून संगीत-विनोदाच्या रंगमंचावरचा नट होता, १९३०-४०च्या दशकात फार गाजलेला. तो खिशातून दोन वह्या काढायचा, एक पांढरी, एक निळी. पांढरीत सोवळे विनोद, निळीत ओवळे. प्रेक्षकांना विचारायचा, कुठली उघडू? प्रेक्षक काय सांगत असतील ते सांगायला नको. 'ब्ल्यू' म्हणजे चावट हा अर्थ त्याच्याआधीचा आहे, पण इथे पुन्हा वही आलीच, खिळेजुळारींचा मुद्दा.

राजकारणातले रंग तर गंमतच आहेत. इकडे निळे ते हुजूर पक्षाचे, लाल ते मजूर पक्षाचे. अमेरिकेत लाल ते रिपब्लिकन, म्हणजे उजवे. हे काही परंपरेने आलेलं नाही. तिथल्या टीव्ही वाहिन्या निवडणुकीच्या रात्री नकाशे रंगवायच्या आणि रंग दर वेळी बदलायचे. १९७६ला एनबीसीच्या नकाशात डेमोक्रॅट कार्टरची राज्यं लाल होती. २०००मध्ये बुश-गोर निकाल आठवडेच्या आठवडे लटकला, लोक रोज तोच नकाशा बघत राहिले आणि त्या वर्षीचे रंग कायमचे चिकटले. आज तिकडचे लोक 'रेड स्टेट' अशा थाटात म्हणतात जणू लिंकनच्या काळापासून आहे.

फळा-खडू :

खिळेजुळारी सर, मोडून काढायला सांगितलंत म्हणून. मी ग्रामीण भागात कॉलेजला इंग्रजी शिकवते.

काही अर्थ शाई-कागदाचे नाहीत, शरीराचे आहेत. युरोपात ग्रीकांपासून पुढे दोनएक हजार वर्षं चार द्रवांचं वैद्यक चाललं: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. 'मेलँकली' (उदासी) या शब्दाचा ग्रीक अर्थच काळं पित्त. चेहरा कुठल्या रंगाकडे झुकतो त्यावरून स्वभाव ठरायचा. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'त मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हटलंय ते याच समजुतींच्या पोटातलं, आजारी माणसाचा हिरवट-फिका चेहरा. 'जाँडिस्ड आय' म्हणजे पूर्वग्रहाची नजर, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं, झालं.

'फीलिंग ब्ल्यू'चं बिनसाखरेच्या भाषेत सांगायचं तर स्टेशनरी सामान नाही, सैतान आहेत. इंग्रजीत 'ब्ल्यू डेव्हिल्स' म्हणजे मनाला छळणारे निळे सैतान, दारू सुटताना दिसणारे भासही त्यांच्याच खात्यात. पुढे सैतान गळले, 'द ब्ल्यूज' उरलं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या गाण्याला ते नाव मिळालं.

आणि खरं सांगू का, माझ्या वर्गात 'ब्ल्यू' म्हणजे उदास हे पोरांना पटतच नाही. निळा म्हटलं की त्यांना १४ एप्रिलची मिरवणूक दिसते, गुडघ्यात गेलेला माणूस कुणी दिसत नाही. 'जय भीम'वाला निळा ताठ मानेचा. तक्त्यात तो नाही.

(ताजा कलम: लाल अक्षरांवरूनच 'रुब्रिक' शब्द आलाय. सध्या आम्हाला दर असाइनमेंटला रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचे निकष, बनवायला लावतात. लाल पेनाने लिहायची परवानगी मात्र नाही.)

होम सिग्नल :

हिरव्याबद्दल मी बोललं पाहिजे, कारण पोटापाण्याचा विषय. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त.

'हिरवा म्हणजे जा' हे इतकं अंगवळणी पडलंय की देवानेच ठरवल्यासारखं वाटतं. इंग्लंडात रेल्वे सुरू झाली तेव्हा लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे जपून, आणि लाइन मोकळी असेल तर पांढरा. यातला घोळ रात्री कळायचा. लाल काच फुटून पडली की मागचा दिवा पांढराच दिसणार. म्हणजे जिथे थांबायचं नेमकं तिथेच ड्रायव्हरला लाइन मोकळी. त्यात शहरं वाढली, रुळांच्या कडेने घरांचे आणि रस्त्यांचे दिवे आले, तेही पांढरे. त्यातला सिग्नल कुठला आणि कुणाच्या खिडकीतला दिवा कुठला? शेवटी एकोणिसावं शतक संपता संपता पांढऱ्याला रजा दिली, हिरव्याला बढती मिळाली, आणि 'जपून'च्या रिकाम्या जागेवर पुढे पिवळा आला.

रस्त्यावरचा सिग्नलही आमच्याच खात्याचा. लंडनला पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८मध्ये बसला, कल्पना जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनियरची. दिवसा सिमाफोरचे, म्हणजे खांबावर वर-खाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, चालवायला पोलीस. तिथेही हिरव्याचा अर्थ 'जपून जा' एवढाच. महिनाभरात, १८६९च्या जानेवारीत, गॅस गळून स्फोट झाला, पोलीस भाजला. पुढे तो प्रकार गुंडाळला.

आता एक गोष्ट जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. जुन्या सिमाफोरच्या हाताला लोखंडी चौकट असते, तिला स्पेक्टॅकल म्हणतात, चष्माच तो. त्यात दोन काचा. हात आडवा असला की दिव्यासमोर लाल काच येते, हात खाली आला की दुसरी. ही दुसरी काच तुम्ही दिवसा हातात घेतलीत तर चक्क निळसर आहे. कारण मागे घासलेटचा दिवा, त्याची ज्योत पिवळी. पिवळी ज्योत आणि निळसर काच मिळून लांबून हिरवं. संध्याकाळी खलाशी (रेल्वेतला मदतनीस) शिडीवर चढून दिवा ठेवायचा, तोवर हिरव्याचा पत्ता नाही. मला नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठाने ती काच हातात दिली आणि विचारलं, रंग कोणता?

इंग्रजी पेपरवाले 'ग्रीन सिग्नल' लिहितात. मराठी पेपर अजून 'मंत्रिमंडळाचा हिरवा कंदील' लिहितात. गार्डच्या हातातला कंदील तो. विजेच्या बॅटऱ्या येऊन जमाना झाला, मथळ्यात कंदील जळतोय.

बिनसाखरेचा :

काका _/\_ या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत.

सूतगिरणी :

कापडाची बाजू मांडतो. रंगाईत उमेदवारी इचलकरंजीत, आता स्वतःचं छोटं युनिट.

'ट्रू ब्ल्यू' म्हणजे निष्ठावान. जुन्या इंग्रजीत 'कोव्हेंट्रीच्या निळ्यासारखा खरा' अशी म्हण होती. कोव्हेंट्री गावचं निळं कापड धुतलं तरी रंग सोडत नसे. आमच्या भाषेत 'पक्का रंग'. माणूस पक्का आहे, कच्चा आहे हे आपण म्हणतो ते तरी कुठून आलं?

'ब्लॅक शीप', म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा, बघा. पांढऱ्या लोकरीवर कुठलाही रंग चढतो, काळ्या लोकरीवर काही चढत नाही. कळपात काळं मेंढरू निघालं की धनगराचं तेवढं नुकसान. आधी हिशोब, मग बदनामी. जांभळा उलट. भूमध्य समुद्रातल्या शंखांतल्या गोगलगायींपासून तो निघायचा, थोड्या रंगाला हजारो गोगलगायी, म्हणून परवडायचा राजालाच. राजेपण किमतीतून आलं. १८५६मध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा लंडनमध्ये कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. 'मॉव्ह'. मग काय, कुणीही नेसावं.

क्रिकेटवाल्यांनो, 'पर्पल पॅच' (सलग यशाचा काळ) हासुद्धा कापडाचाच तुकडा आहे. रोमन कवी होरेसने टोमणा मारला होता, की काही कवी साध्या कवितेला मध्येच जांभळ्या कापडाचं भपकेबाज ठिगळ लावतात. इंग्रजीत येईतो शिवीची शाबासकी झाली. आता फलंदाज चार सामने खेळला की समालोचक ठिगळ लावतात.

नल पॉइंटर :

सगळं छान चाललंय, पण काळ्या-पांढऱ्याला कुणी हात लावेना म्हणून मी लावतो.

सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लॅकलिस्ट' म्हणजे अडवायची यादी, 'व्हाइटलिस्ट' म्हणजे सोडायची. २०२०मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि उन्हाळ्यात एकेका प्रकल्पाने हे शब्द काढायला सुरुवात केली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नल) नियमावलीतही आलं, नव्या कोडमध्ये 'डिनायलिस्ट', 'अलाउलिस्ट' लिहा. आमच्याकडे शोधा-आणि-बदला करताना कुणीतरी एका स्क्रिप्टमधलं नाव बदललं, ती वाचणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टमधलं राहिलं, आणि रात्री सगळी टीम कॉलवर. तेव्हा मीही चिडलो होतो. शब्द बदलून काय होतं?

पण खिळेजुळारींच्या चष्म्यातून पाहिलं तर प्रश्न उरतोच. लाल फितीला फीत सापडली, पिवळ्याला पोरगा सापडला. काळ्याला काय सापडतं?

खिळेजुळारी :

@नल पॉइंटर, सुटेसुटे सापडतात. 'ब्लॅकबॉल' म्हणजे क्लबात नवा सभासद घेताना गुप्त मतदानात टाकायची खरीखुरी काळी गोळी. खातेवहीत तोटा लाल शाईने, नफा काळ्या, म्हणून 'इन द ब्लॅक' असणं चांगलं. हा एक काळा इंग्रजीत नशीबवान. विमानातला 'ब्लॅक बॉक्स' तर भडक नारिंगी असतो, सापडावा म्हणून. पण काळा म्हणजे वाईट, हा मूळ पाया वस्तूंवर उभा नाही हे खरं. मी 'बरेचसे' म्हटलं होतं, 'सगळे' नव्हे.

फळा-खडू :

तो पाया रात्रीचा आणि धर्माचा आहे. अंधार, पाप, सैतान काळे. प्रकाश आणि देवदूत पांढरे. हे युरोपियनांनी आफ्रिकेत गुलाम पकडायला सुरुवात करण्याच्या पुष्कळ आधीचं. म्हणून काहीजण म्हणतात, 'ब्लॅकलिस्ट'चा वंशाशी संबंध नाही, उगाच कशाला? मला हे अर्धंच पटतं. अर्थ आधी तयार होता हे खरं, पण नंतर तो जिवंत माणसांच्या अंगावर चढवला आणि तीनचारशे वर्षं उतरवला नाही. कापडवाल्यांच्या भाषेत, रंग पक्का बसला.

महंमद अलीने १९७१च्या बीबीसी मुलाखतीत हेच हसत हसत सांगितलं होतं: लहानपणी आईला विचारायचो, 'एंजल फूड' केक पांढरा आणि 'डेव्हिल्स फूड' केक चॉकलेटचा, असं का? प्रेक्षक खो खो हसतात, पण तो काही गंमत करत नव्हता.

त्याच्या आधीच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी 'नीग्रो' टाकून 'ब्लॅक' हा शब्द स्वतःहून उचलला. जो शब्द दगडासारखा मारला जायचा तोच झेंड्यावर घेतला. १९६६ला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर ही संघटना, आणि १९७२ला आपल्या मुंबईत त्यावरूनच नाव घेतलेली दलित पँथर. २०२०मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ठरवलं की माणसांबद्दल लिहिताना 'ब्लॅक'चं पहिलं अक्षर कॅपिटल. देवनागरीत कॅपिटल नाही, नाहीतर आपल्याकडेही वाद पेटला असता.

बिनसाखरेचा :

आपल्याकडे वाद पेटायला कॅपिटल लागत नाही.

पण गंमत बघा, आपलं दैवत काळं कुळकुळीत आणि नाव पांडुरंग. पांडु म्हणजे पांढरा. असल्या गोष्टीवर आपण डोकं लावत नाही, नुसती टाळी वाजवतो.

सूतगिरणी :

आणि गावात 'काळी' म्हणजे शेतजमीन, 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. पोट भरते ती काळी. आमचे आजोबा बांधावर उभे राहून काळीला नमस्कार करायचे. तरी सोयरीक बघताना मुलगी गोरीच हवी असायची, तेव्हा आपण फार टेंभा मिरवू नये.

फळा-खडू :

+१. शेवटच्या वाक्याला +१००.

ओव्हरकोट :

थोडं हलकं विचारते. इथल्या हिवाळ्यात अंगणात रॉबिन येतो. नाव 'रेडब्रेस्ट', छाती ढळढळीत नारिंगी. केशरी केसांच्या पोरीला 'रेडहेड'. इंग्रज रंगांधळे होते का?

खिळेजुळारी :

नावं ठेवली तेव्हा त्यांच्याकडे नारिंगीला शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याला 'पिवळा-लाल' असं जोडून म्हणायचे, नाहीतर सरळ लाल. 'ऑरेंज' आधी फळ म्हणून आलं आणि सोळाव्या शतकात रंग म्हणून वापरात आलं. तोवर रॉबिनचं बारसं होऊन गेलं होतं. शब्द गेला आपल्याकडूनच. संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच अशी वरात काढत इंग्रजीत. वाटेत कुठेतरी सुरुवातीचा 'न' गळून पडला.

बिनसाखरेचा :

म्हणजे नागपूरकरांनी रॉयल्टी मागायला हरकत नाही.

खिळेजुळारी :

नागपूरचं संत्रं मँडरिन जातीचं. नारंग वेगळं, आंबट. केस टिकणार नाही.

होम सिग्नल :

आणि मोसंबीचं नाव मोझांबिकवरून आलंय. तिकडून उलट नोटीस यायची.